उजवा पाय

चार दिवस सिस्टर घरात बसून होत्या. म्हणजे बसल्या मुळीच नव्हत्या. बुधवारी त्यांनी खिडक्यांचे सगळे पडदे काढून भिजत घातले. गुरुवारी घरातले यच्चयावत चमचे मोठ्या पातेल्यात उकळले, का तर म्हणे ते कोणी कधी उकळत नाही. शुक्रवारी स्टुलावर चढून माळ्यावरच्या जुन्या सुटकेसा खाली ढकलल्या. धाडकन आवाज आला म्हणून वहिनी धावत गेली, तेव्हा त्यांचा एक पाय स्टुलावर होता आणि दुसरा कपाटाच्या कडेवर. शनिवारी सगळ्या दिव्यांच्या काचा पुसून झाल्या. कमरेच्या वरचं सगळं घर लखलखत होतं. फरशी तेवढी वहिनीच्या वाट्याला ठेवली होती.

रविवारी दुपारी मंडळी जमायची होती आणि रात्री पिळलेले पडदे अजून ओले. समोरच्या इमारतीतल्या लोकांना आपलं घर आरपार दिसणार, असं वहिनी म्हणाली, तर सिस्टर म्हणाल्या, दिसू दे की, त्यांचाही रविवार बरा जाईल.

ब्याण्णव वर्षांच्या बाईला ‘घरात ठेवा’ असं फोनवर सांगायला वन्संचं काय जात होतं? वन्सं म्हणजे सिस्टरांची लेक, वकील, त्यांना सांगायची सवय. ठेवायचं कोणी, तर वहिनीने. आणि वहिनी स्वतः अडुसष्टची, तिन्ही जिने चढली की दोन मिनिटं कठड्याला धरून उभी राहणारी. सिस्टर तेच जिने दिवसातून दोनदा चढत, आणि वर येऊन विचारत, तू अजून तिथेच का?

त्यांना सिस्टर कोण म्हणत नव्हतं? गल्ली म्हणायची, भाजीवाला म्हणायचा, सूनही म्हणायची आणि पोटची तीन मुलंही. त्यालाही कारण होतं. मुलं लहान असताना शाळा सुटली की दवाखान्यात येऊन वॉर्डाच्या दारातून ‘आई’ म्हणून हाका मारायची. पण हाडं मोडलेल्यांच्या वॉर्डात ‘आई गं’ कोण म्हणत नाही? त्या हाकेला सिस्टर काही मान वळवत नसत. मग थोरल्याने एकदा ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली आणि त्या लगेच आल्या. तेव्हापासून तेच चालू झालं.

नोकरी संपून चौतीस वर्षं झाली. पण संपली म्हणून स्वस्थ बसतील तर त्या सिस्टर कसल्या? वॉर्डात त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की खुब्याचं हाड मोडून आलेल्या दर चार म्हाताऱ्यांमागे एकाच्या पायांची नखं वाढून वाकडी झालेली असतात. वाकता येत नाही, म्हणून कापता येत नाहीत. सांगायची लाज वाटते, म्हणून मुलांना कळत नाही. बूट बोचतात म्हणून माणूस तिरपं चालतो आणि एक दिवस पडतो. तर निवृत्तीच्या पुढच्याच आठवड्यात ॲल्युमिनियमची एक चपटी पेटी घेऊन सिस्टर बाहेर पडल्या. पेटीत जाड नखांची कात्री, कानस, कापूस, स्पिरिट आणि एक लांब चिमटा. तेव्हापासून घरोघरी जाऊन लोकांची नखं कापायची, हाच उद्योग. पैसा घ्यायच्या नाहीत. चहाही एकच कप, दुसरा घेतला तर पुढच्या घरी जिन्यात अडचण होते म्हणायच्या. सध्या सव्वीस माणसं होती, सगळी त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, आणि सिस्टर त्यांना बिनदिक्कत ‘माझी म्हातारी माणसं’ म्हणत.

वहिनी या भानगडीत पडली ती सात महिन्यांपूर्वी. तिचं शिवणकाम. चाळीस वर्षं तिने पुरुषांचे सदरे शिवले आणि तिच्या हातची कॉलर साऱ्या वस्तीत ओळखू यायची. मग लोक तयार कपडे घेऊ लागले. वर्षभर मशीनवर नुसती धूळ झटकायचं काम उरलं. वहिनी कुणाला काही बोलली नाही, पण दुपार झाली की ती उगाच डबे पुसायची, पुसलेले पुन्हा पुसायची. सिस्टरांनी ते पाहिलं असणार. एक दिवस त्या म्हणाल्या, तुझा हात थरथरत नाही, चल माझ्याबरोबर. वहिनी गेली. आधी नुसते पाण्याचे टब उचलायला, मग पाय पुसायला, आणि दोन महिन्यांनी कात्री हातात आली. डावा पाय सिस्टर करत, उजवा वहिनी. घरी मात्र दोघींनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. मदतीला जाते एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत सासू-सुनेचं असं काही दोघींपुरतं नव्हतं, म्हणून ते राहू द्यावंसं वाटलं होतं.

आणि मग हेडमास्तरांचा पाय.

सिस्टरांचे नियम तीन. पाणी कोमट, दहा मिनिटं. नख सरळ कापायचं. आणि कोपऱ्याला हात लावायचा नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या तर मुळीच नाही, कारण त्याला लागलेलं कळत नाही आणि लागलेलं भरत नाही. हेडमास्तरांना साखर होती. वय ऐंशी, पाय पाण्यात घातले की पाच मिनिटांत खुर्चीतच झोपी जायचे. पंधरवड्यापूर्वी वहिनी त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कापत होती. सरळ कापलं, चांगलं कापलं, आणि कडेला तो टोकदार कोपरा राहिला. आता कॉलर शिवणाऱ्याला विचारा. कॉलर उलटवायच्या आधी आतला कोपरा तिरका छाटावाच लागतो, नाहीतर टोक नीट येत नाही. चाळीस वर्षांत वहिनीने किती हजार कोपरे छाटले असतील? हाताने डोक्याला विचारलंच नाही. कच्च झालं. रक्ताचा एवढासा थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा. हेडमास्तर घोरत होते. सिस्टर डाव्या पायात गुंतलेल्या. वहिनीने कापूस दाबला, थेंब पुसला आणि मोजा वर ओढला.

बुधवारी हेडमास्तरांची मुलगी भावजींच्या औषधाच्या दुकानात आली आणि दहा गिऱ्हाइकांसमोर सिस्टरांबद्दल नको नको ते बोलली. अंगठा काळा पडला होता. वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. अंगठा राहतो की काढावा लागतो, ते डॉक्टर सोमवारी सांगणार होते.

हे कुणाच्या हातून झालं ते वहिनी जाणून होती. सिस्टरांना माहीत होतंच. उजवा पाय कुणाकडे होता हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. पण चार दिवसांत त्या याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पडदे, चमचे, सुटकेसा, दिवे यांबद्दल बोलल्या. त्यांनी रागावून चार शब्द ऐकवले असते तर वहिनीला बरं वाटलं असतं.

सगळे आले तेव्हा तीन वाजले होते. पडद्यांविना खोलीत ऊन सरळ आत आलेलं, त्यामुळे जो तो डोळे बारीक करून बसलेला. सगळेच रागावल्यासारखे दिसत होते. वन्संनी फळं आणली होती आणि बसण्याआधीच त्यांनी जिन्यांचा विषय काढला. तीन जिने, या वयात. भावजी बसलेच नाहीत, खिडकीशी उभे राहून खालच्या रस्त्याकडे बघत होते. ‘हे’, म्हणजे वहिनीचे यजमान, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, कागद-पेन्सिल घेऊन टेबलाशी बसले. कुठलीही गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय यांना ती घडली असं वाटत नसे. वहिनी आपल्या मशीनशी जाऊन बसली आणि एका जुन्या सदऱ्याची शिवण उसवायला लागली. त्या सदऱ्याला काही झालेलं नव्हतं.

आणि सिस्टर आत-बाहेर करत होत्या. ओला पडदा या खुर्चीवरून उचल, त्या खुर्चीवर टाक. बस गं जरा, असं वन्सं दोनदा म्हणाल्या. तुमचं चालू दे, मला ऐकू येतं, असं उत्तर मिळालं.

सुरुवातीला तिघा भावंडांचं जवळजवळ एकमत होतं: पेटी बंद. यांनी कागदावर तसं लिहिलंही. भावजी तेवढे म्हणत होते की एकदम बंद नको, चालत्या गाडीला असा ब्रेक लावला तर सिस्टर खचतील, चार-पाच सोपी घरं ठेवू. पण मग वन्संनी मनातलं काढलं. पेटी बंद झाली की सिस्टरांना इथे राहायचं कारण काय? माझ्याकडे लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे, दिवसभराची बाई आहे. झालं. यांची पेन्सिल थांबली. बुधवारी ‘ताबडतोब बंद करा’ म्हणून घर डोक्यावर घेणारे हे, आता म्हणायला लागले की तसं बघितलं तर चौतीस वर्षांत एकच चूक झाली, आणि माणसाला काहीतरी काम हवंच. उलट इतका वेळ आईची बाजू घेणारे भावजी खिडकीपासून वळले आणि म्हणाले की नाही, बंद म्हणजे बंद, दुकानात दहा माणसांसमोर तुम्ही नव्हता उभे, मी होतो. कापूस आणि स्पिरिट माझ्याच दुकानातून जातं, हे हेडमास्तरांच्या मुलीने सगळ्यांना सांगितलं. पेटी बंद करायला आलेली माणसं आता आई कोणाकडे राहणार यावर येऊन ठेपली होती, आणि वहिनीला या घरात अशा वेळी आवाज कसे चढतात ते ठाऊक होतं.

वहिनी उसवत होती. बोलायचं तर आत्ता, असं तिने तीनदा ठरवलं, आणि तिन्ही वेळा कुणीतरी दुसरंच बोलायला लागलं. एकदा उठून तिने चहा टाकला. तो कुणी प्यायला नाही, म्हणून पुन्हा गरम करायला नेला. आपण बोललो तर काय होईल, ते तिला स्पष्ट दिसत होतं. वन्संची ती नजर, यांचं तोंड, आणि पुन्हा डबे पुसायच्या दुपारी. आणि नाही बोललो, तर सिस्टरांची पेटी जाईल. चार दिवसांत घराचं हे झालं, मग पुढच्या महिन्यांत सिस्टरांचं काय होईल?

शेवटी सिस्टरच आतून पेटी घेऊन आल्या आणि ती त्यांनी टेबलावर ठेवली.

“लिहून घे,” त्या थोरल्याला म्हणाल्या. “पेटी माझी. तिच्यातून जे होतं ते माझं. आणखी काय विचारायचंय?”

यांनी पेटी उघडून सामान मोजलं, कारण मोजल्याशिवाय त्यांना चैन पडेना. लांब चिमटा नाही, म्हणाले. तो माझ्या उशाशी असतो, सिस्टर म्हणाल्या. उशाशी कशाला, असं वन्संनी विचारलं, तर सिस्टरांनी पडदा उचलून दुसऱ्या खुर्चीवर टाकला.

मग वन्सं उठल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि कोर्टात समोरच्याला बोलतं करायच्या आधी तो असाच मऊ होत असावा. “सिस्टर, हात पुढे कर बघू. नुसता सरळ धर.”

सिस्टरांनी लेकीकडे पाहिलं. वॉर्डातल्या नव्या पोरींना त्यांनी कितीदा असंच सांगितलं असेल. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. उन्हात तो हात सगळ्यांना दिसला. शिरांचा, डागांचा, बोटांची टोकं हलणारा. फार नाही, पण हलत होता. भावजींनी मान फिरवली. यांनी कागदाकडे पाहिलं. त्या हाताने कुणाच्याही पायाला इजा केली नव्हती, आणि तो तसाच पुढे धरलेला होता. आता पुरे असं म्हणायला कोणी तयार नव्हतं.

“तो पाय मी केला,” वहिनी म्हणाली. “उजवा पाय माझ्याकडे होता.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं. सात महिने, कात्री, कॉलरचा कोपरा, थेंब. मोजाही सांगितला. सांगताना ती हातातल्या सदऱ्याकडेच बघत होती. बोलून झालं तेव्हा बाही पूर्ण सुटून मांडीवर पडली होती.

यांनी विचारलं, तुला काय गरज होती? एवढंच विचारलं, पण दोनदा. भावजी खाली बसता बसता पुन्हा उभे राहिले. वन्संनी मात्र पाच सेकंदांत स्वतःला सावरलं आणि खिडकी बंद केली.

“हे या खोलीबाहेर जाता कामा नये,” त्या म्हणाल्या. “वहिनी, ऐक माझं. ब्याण्णव वर्षांच्या बाईवर कोणी फिर्याद करत नाही. चार शिव्या देतात आणि सोडून देतात. तुझ्यावर करतील. आहे ते सिस्टरच्या नावावर राहू दे.”

आणि गंमत बघा, दुपारभर ज्यांचं कशावर पटत नव्हतं त्या तिघांचं यावर पटलं. हे म्हणाले, व्यवहाराने बघितलं तर बरोबर आहे. भावजी म्हणाले, बोलून झालंय त्या मुलीचं, आता पुन्हा कशाला उकरायचं. दोघं भाऊ आणि बहीण वहिनीकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. घाई होती, ही बाई ‘हो’ म्हणते कधी आणि आपण उठतो कधी याची. वहिनीने सिस्टरांकडे पाहिलं.

“बरोबर आहे तिचं,” सिस्टर म्हणाल्या. “माझं काय वाकडं होणार आहे आता? म्हणून तर गप्प बसले.”

म्हणजे चार दिवसांचं ते गप्प बसणं यासाठी होतं. वहिनीला इतका वेळ वाटत होतं की सिस्टर आपलं तोंड बघायला तयार नाहीत. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. स्वतःचा की त्यांचा, ते कळेना. ती उठली, भिंतीवरच्या फोनपाशी गेली. नंबर पाठ होता, कारण सव्वीसच्या सव्वीस नंबर तिला पाठ झाले होते. वन्सं ‘वहिनी, थांब’ म्हणेपर्यंत पलीकडून फोन उचललाही गेला.

वहिनीने आपण कोण ते सांगितलं आणि काय झालं तेही सांगितलं. पलीकडून हेडमास्तरांच्या मुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तिने एकच विचारलं.

“रक्त दिसलं होतं तुम्हाला?”

“दिसलं होतं.”

“आणि मोजा वर ओढलात.”

“हो.”

पलीकडे फोन ठेवला गेला. आदळला नाही, नुसता ठेवला. वहिनीनेही फोन जागेवर ठेवला. शिव्या ऐकायची तयारी करून गेलेल्या माणसाला शिव्याही मिळू नयेत, हे फार वाईट असतं. वन्सं कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आता काय ते होईल, असं त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

वहिनी टेबलापाशी आली. पेटीचं झाकण तिने लावलं आणि पेटी सिस्टरांकडे सरकवली. “माझ्या कानाला खडा. मी पुन्हा कुणाच्या पायाला हात लावणार नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा, सिस्टर.”

सिस्टरांनी खुर्चीवरचा पडदा काढून भावजींच्या अंगावर टाकला आणि त्या खुर्चीत बसल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच बसल्या. मग म्हणाल्या, “टब आण. पाणी कोमट.”

कुणासाठी, असं विचारायचं वहिनीला सुचलं नाही. सात महिन्यांची सवय होती. तिने पाणी आणलं, कोपर बुडवून पाहिलं, टब त्यांच्या पुढ्यात ठेवला. सिस्टरांनी पाय पुढे केले. पायात ते पुरुषी लोकरीचे मोजे, उन्हाळ्यातही असायचे ते, आणि त्यावर नवे बूट. पाय सुजतात असं सांगून गेल्या थंडीत एक नंबर मोठे घेतलेले.

“मोजे काढ,” सिस्टर म्हणाल्या. “माझा हात पोचत नाही. तीन वर्षं झाली. घालताना चिमट्याने घालते, पंधरा मिनिटं लागतात.”

तेव्हा वहिनीला त्या फरशीचा अर्थ लागला. पडदे, माळा, दिवे. वर हात पुरतो, खाली पुरत नाही. दुसऱ्यांचे पाय त्या मांडीवर घेऊन करत. स्वतःचे पाय मांडीवर कसे घेणार? चाळीस वर्षं एका घरात राहून तिने सासूबाईंचे पाय कधी बघितले नव्हते.

तिने बूट काढले, मग मोजे. नखं जाड, पिवळी, पुढे जाऊन वळलेली. अंगठ्याचं नख तर शेजारच्या बोटावर चढून बसलेलं आणि तिथे घट्टा पडलेला. या पायांनी ही बाई रोज तीन जिने दोनदा चढत होती. वन्सं वाकून बघायला आल्या आणि बघितल्यावर त्यांना तिथेच जमिनीवर बसावं लागलं. भावजी ओला पडदा मांडीवर घेऊन बसले. हे म्हणाले, “अगं सिस्टर, सांगायचं तरी.”

“सव्वीस जणांना सांगत फिरते, लाजू नका म्हणून,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मलाच लाज वाटली. शिवाय सांगितलं असतं तर तुम्ही तीन वर्षांपूर्वीच जमला असता.”

दहा मिनिटं झाली की नाही ते यांनी घड्याळात पाहिलं, तेवढंच त्यांना जमण्यासारखं होतं. वहिनीने पाय पुसून मांडीवर घेतला. पेटी उघडली. कात्री हातात घेतली तेव्हा तिचा हात थरथरत होता. ब्याण्णव वर्षांच्या हाताहून जास्त.

“माझ्याच्याने नाही व्हायचं,” ती हळूच म्हणाली.

“मग कुणाच्याने होईल? ही तिघं?” सिस्टरांनी मान टाकून डोळे मिटले. “आधी उजवा.”

वहिनीने कापायला घेतलं. नख इतकं चिवट होतं की एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढं निघे. थोडं कापायचं, कानस लावायची, पुन्हा थोडं. हात केव्हा स्थिर झाला ते तिचं तिलाच कळलं नाही. सरळ, अगदी सरळ, शेवटपर्यंत. मग कडेचा तो कोपरा आला. कात्री तिथे गेली आणि थांबली. वहिनीने ती मागे घेतली, मिटली आणि खाली ठेवली.

हे चष्मा वर करून वाकले. रेषा तिरपी गेली तर यांना झोप लागत नसे. “इथे एक कोपरा राहिलाय,” ते म्हणाले.

“राहूच द्यायचा असतो,” वहिनी आणि सिस्टर एकदम म्हणाल्या.

डावा पाय होईपर्यंत ऊन समोरच्या इमारतीवर गेलं होतं. पेटीचं पुढे काय, हा विषय कुणी पुन्हा काढला नाही. यांचा कागद टबाशेजारी पडून भिजला होता आणि तो कुणी उचलला नाही. वहिनीने मोजे चढवले, बूट घातले. सिस्टर उठल्या, खिडकीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

“बूट सैल झाले,” त्या म्हणाल्या. “उद्या दोन मोजे घालावे लागतील.”

उद्या कुठे जायचंय, असं वन्संनी विचारलं.

“दवाखान्यात. सोमवार आहे ना? डॉक्टर काय सांगतात ते हेडमास्तरांजवळ उभं राहून ऐकायला हवं. त्यांची मुलगी हाकलून देईल. देऊ दे, बाहेर बाकडं असतं.” मग त्या वहिनीकडे वळल्या. “तिथून पुढे बेकरीच्या वरचं घर. तिथल्या बाईंचा मागचा गुरुवारच चुकलाय, थांबल्यात बिचाऱ्या. पेटी तू धर.”

वहिनी टब उचलून उभी होती. पाणी गार झालं होतं. ते ओतायला आत जाता जाता तिने विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.